दुसरी केटुरा

केटुरा हॉर्सफॉल पाचव्या वर्षी कालव्यात पडली होती, ही गोष्ट युटातल्या कॅश खोऱ्यात शेंबड्या पोरालाही पाठ होती. तिकडे इंग्लंडात, बोल्टनला. एका नावाड्याने काठीची आकडी झग्यात अडकवून तिला वर ओढलं, आणि शुद्धीवर येताच बयेने मागितलं काय, तर पाव. गोष्ट सांगायला तिला कधी आग्रह करावा लागला नाही.

१८८७च्या जूनमध्ये बोल्टनच्या मावसबहिणीचं पत्र आलं. केटुरानेच मागवलं होतं. मेलेल्या नातलगांची नावं तिला हवी होती. जिवंतपणी ज्यांना आपल्या पंथाचा बाप्तिस्मा मिळाला नाही, त्यांच्या नावाने आपण मंदिरात पाण्यात उतरायचं, ही खोऱ्यातल्या लोकांची रीत. केटुरा कणीक मळत होती आणि लेक झिला वाचत होती. तिसऱ्या नावाशी ती अडखळली.

"केटुरा. जन्म १८१४, नऊ वर्षांची असताना तापाने गेली. नावाड्याने कालव्यातून काढलेली ती हीच." झिलाने मान वर केली. "आई, तू मेलीस की काय? मला कुणी सांगितलं नाही."

"माझ्या आधीची बहीण असेल. आमच्याकडे तसंच होतं. पोर गेलं की पुढच्या पोरीला तेच नाव. बापाने ठेवलेलं नाव वाया कशाला घालवायचं?"

"मग कालव्यात कोण पडलं?"

"मी."

"पण मावशी लिहिते..."

"मावशीला काय कळतंय? मला पाणी आठवतंय, झिला."

आठवत होतंच. आकडी आठवत होती, नावाड्याचा तांबडा रुमालही. पण ओल्या झग्यानिशी आपण घरी कशा गेलो, कुणी ओरडलं, कुणी मारलं, यातलं काहीच तिला सापडेना. सापडली ती फक्त चुलीपुढची आई, पुन्हा पुन्हा सांगणारी: "आमची केटुरा म्हणजे अशी." आई खोटं बोलली नव्हती. पण मग त्रेसष्ट वर्षांच्या या आयुष्यातलं आपलं किती आणि त्या पोरीचं किती? रागवावं तर कुणावर, तेही कळेना. कणीक हाताला चिकटून वाळायला लागली.

आणि हेच तिने स्वतःही केलं होतं.

१८५६ साली ती आणि नवरा एमस पंथाच्या तांड्याबरोबर हातगाडी ओढत, मैदानं तुडवत युटात आले. गाडीत पिठाच्या पोत्यावर दीड वर्षाची झिला. चाक कुरकुरलं की ती टाळ्या वाजवायची. वाटेत प्लॅट नदीकाठी ती गेली. एमसने वर दगड रचले, आणि पहिल्याच हिवाळ्यात तोही गेला. मार्चमध्ये मुलगी झाली, तिचं नाव झिला ठेवलं. तांड्यातली माणसं चहूकडे पांगली होती, खरं काय ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. पोरगी गाडीची गोष्ट मागायची आणि केटुरा सांगायची, "झिला टाळ्या वाजवायची." 'तू' असं ती कधी म्हणाली होती का? देवाशपथ, तिला आठवेना.

त्या गोष्टीच्या जोरावर झिला दर चोवीस जुलैला, युटात पंथाची पहिली माणसं आली त्या दिवशी, मिरवणुकीतल्या गाडीवर चढायची. त्या गाडीवर मैदानं ओलांडून आलेल्यांनीच बसायचं. इथे जन्मलेली पोरं मागून चालत. वर्षभर शेण काढणाऱ्या पोरीचा तेवढा एकच दिवस होता.

हे पोटात ठेवलं तर आईसारखंच होईल, एवढं एकच त्या गोंधळात तिला स्पष्ट दिसलं. तिने हात पुसले आणि सगळं सांगून टाकलं.

झिला पत्राच्या घड्या घालत बसली.

"टाळ्या तिच्या?"

"तिच्या."

"आणि मी?"

"तू पोटात होतीस."

"पण मला चाकाचा आवाज आठवतो, आई."

केटुराने लेकीचा हात धरला, तेव्हा बोटांवर उरलेल्या कणकेचा पापुद्रा दोघींना लागला.

जुलैच्या सुरुवातीला ती मंदिरात बहिणीसाठी पाण्यात उतरली. कारकुनाने कागद दोनदा उलटापालटा केला. "सिस्टर, मेलेलीचं नाव लिहायचंय, तुमचं नव्हे."

"तेच लिहिलंय," ती म्हणाली. बाहेर आल्यावर आपण कुणाचं नाव घेऊन भिजलो, हे तिला खात्रीने सांगता आलं नसतं.

चोवीस तारखेला गाडी दारात आली. केटुरा चढली आणि शेजारच्या जागेवर तिने आपली शाल घडी करून ठेवली. झिला खालीच उभी राहिली.

"अहो, सरका की थोडं," म्हातारा गाडीवान म्हणाला. "ही जागा कुणासाठी अडवलीय?"

"झिलासाठी."

"झिला तर ही काय, खाली उभी आहे."

केटुराने लेकीकडे पाहिलं. झिलाचे डोळे भरले होते. झिलाने खालूनच हात लांबवून शालीची घडी नीट केली आणि गाडीवानाला सांगितलं, "माझ्या थोरल्या बहिणीसाठी आहे, दादा. सावकाश हाका."

मग ती इथे जन्मलेल्या पोरांबरोबर मागून चालू लागली. पुढे चाक कुरकुरत होतं.