दस्तगीरचं काचघर

माझा मित्र दस्तगीर गेल्याचं पोस्टकार्ड सांगलीला शाळेतच मिळालं. ‘सांजेला काचघरात बसले, ते उठलेच नाहीत,’ एवढंच त्याच्या शेजाऱ्यानं लिहिलं होतं. दीड महिना झाला, पण त्याच्याबद्दल लिहायला हात उचलत नव्हता...

पाटणला त्याचा फोटो काढायचा धंदा होता. लढाईला निघालेली पोरं पलटणीचा पोशाख चढवून त्याच्याकडं येत. पुढं फोटोचा कागद मिळेना, तो धुवायची औषधं मिळेनात, तेव्हा दुकान बंद करून तो गुलाबाची कलमं विकू लागला. पाटणच्या पावसात ती कुजायची, म्हणून परसात काचेचा आडोसा करायचं त्यानं ठरवलं. नवी काच तेव्हा कुठून मिळणार? फोटोच्या जुन्या काचा मात्र ढीगभर होत्या. लग्नाकार्याच्या काचा सोड्याच्या पाण्यात धुऊन, लाकडी पट्ट्यांत बसवून त्यानं बाजेएवढं काचघर उभं केलं. कलमं तरारली. दुसऱ्या वर्षी ते वाढवायला काढलं, तर शिपायांच्याच काचा उरलेल्या. मी सुट्टीला गेलो होतो. पुढ्यात गरम पाण्याचं घमेलं, हातात काच, आणि हा नुसता उभा.

“धू की,” मी म्हणालो.

“हात हुईना, गड्या. ह्यातली किती परत आली, मला ठावं हाय.”

न धुताच त्यानं त्या बसवल्या. फोटोच्या काचेवर सगळं उलटं असतं. दिवसा आत उभं राहिलं की चहूबाजूंनी काळे चेहरे आणि पांढरे केस, पांढऱ्या मिशा. पण सांजेला आत अंधारलं, की बाहेरून बघताना तेच चेहरे उजळायचे, माणसांसारखे दिसायचे. एकदा तसं पाहिल्यावर मी पुन्हा त्या बाजूला पाठ करून बसलो नाही.

लढाई संपल्यावर एक बाई आली. सोनाबाई. मुलगा परत आला नव्हता, नुसती तार आली होती. दस्तगीरनं त्याची काच दाखवली.

“ह्यो न्हाई माझा. ह्यो काळा हाय.”

“दिस मावळू द्या, मावशी.”

दोघं पायरीवर बसून राहिली. उजेड उतरला आणि बाई एकदम उठली. “आला की वो!” तिनं काचेवरून हात फिरवला. दस्तगीर म्हणाला, “आता कागद मिळतोय. काच काढून फोटो करून देतो.”

“काढू नगा. येकदा न्हेला, तेवढं बास झालं.”

मग ती दर बाजारी यायची. पण आतल्या ओलीनं काचांवरचा थर सुटू लागला. गाल ओघळले, टोप्या डोळ्यांवर घसरल्या. दस्तगीरनं पाणी घालणं बंद केलं, दार सताड उघडं टाकलं. सगळी कलमं वाळली. चेहरे मात्र पुढच्या पावसात धुऊन गेलेच. त्यानं मला ते कळवलं होतं. तिला सांगायचं धैर्य त्याला झालं नाही, हेही कळवलं होतं.

मागच्या आठवड्यात पाटणला गेलो. बाजाराचा दिवस होता. सांजेला परसात सोनाबाई उभी होती. तिच्यापुढची काच आता अगदी स्वच्छ होती; मागच्या अंधारामुळं तिचाच सुरकुतलेला चेहरा तीत दिसत होता.

“मास्तर,” ती हळूच म्हणाली, “लय थकला वो माझा पोरगा.”

मी तिच्याशेजारी, काच दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो.