कप्तानांच्या मैदानावरचे पाणी

माझ्यासारख्याने लेख लिहायला बसावे, हा मला अजूनही थोडा आगाऊपणा वाटतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. बिलोलीकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीतून नांदेडला शिकायला गेलो आणि पुढे फौजदार झालो. नोकरीभर लिहिले ते स्टेशन डायरी, जबाब आणि पंचनामे. तेव्हा वाचकांनी चूकभूल पोटात घालावी. एका पंचनाम्यात मी एक गोष्ट मुद्दाम लिहिली नव्हती. तो प्रसंग इतक्या वर्षांत मनातून गेलेला नाही. तोच आज सांगतो.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, आणि कागदांवर जुन्या जिल्ह्याचे नाव खोडून वर नवे लिहिलेले असे. त्यातच दुष्काळ पडला. मी ज्या तालुक्याच्या ठाण्यात होतो, तिथे चोऱ्यामाऱ्यांपेक्षा टँकरचा बंदोबस्त जास्त. टँकर आला की हंड्यावर हंडा आदळे आणि मग भांडणे सोडवायला आम्ही.

गावात एक माणूस होता, त्याला सगळे कप्तान म्हणत. शेतकरी घरातला. मुंबईच्या एका गिरणीच्या कबड्डी संघात पगारी खेळाडू म्हणून दहा-बारा वर्षे खेळला, संघाचा कर्णधार झाला. गुडघा गेला तेव्हा गावी परतला, पण घरी बसला नाही. नव्या जिल्ह्याची कबड्डी संघटना त्याने उभी केली, शाळेशेजारच्या माळावर मुरूम आणि चाळलेली माती टाकून मैदान तयार केले, आणि राज्य पातळीवरची मुलींची स्पर्धा भांडून गावात आणली. आता जिल्हा परिषदेला उभा होता. मतदान पंधरवड्यावर आले होते.

एका सकाळी ठाण्यासमोरच्या पानवाल्याने आमच्या जमादाराला हळूच खबर दिली. एका वाडीचा टँकर आदल्या दिवशी पोचलाच नाही, आणि कप्तानांच्या मैदानावर मात्र माती ओली आहे. तासाभरात वाडीचे लोक अर्ज घेऊन आले. त्यातली एक म्हातारी रिकामा हंडा घेऊनच आली होती. तो तिने माझ्या टेबलावर ठेवला.

"हे बघा साहेब, कोरडा हाय. अन् तिथं पोरी माती भिजवून खेळून राहिल्या."

दुपारी वरून फोन आला. उद्या संध्याकाळपर्यंत कप्तानांची अटक दाखवा. आवाजावरून कळत होते की फोन करणाऱ्यालाही कोणाचा तरी फोन आला होता.

मी मैदानावर गेलो. माती खरोखरच ओली होती. कप्तानांना ठाण्यात आणून बाकावर बसवले. बोटांची पेरे मोडून वाकडी झालेली, मान ताठ.

"चोरीचं पाणी नाही," ते म्हणाले.

"मग कुठलं?"

"ते विचारू नका. आत टाकायचं तर टाका."

दोन तास मी वेगवेगळ्या वाटांनी तोच प्रश्न विचारला. अटक झाली तर निवडणूक गेली आणि स्पर्धाही गेली, हेही समजावले. ते भिंतीकडे बघत राहिले. जमादार वैतागून म्हणाला, "मैदानात दम तुटेस्तोवर बोलणारा माणूस हाय साहेब, अन् ठाण्यात तोंड शिवून बसलाय." कप्तान जरासे हसले.

चोर गप्प बसतो तेव्हा त्याची नजर दाराकडे असते. या माणसाचे लक्ष दाराकडे नव्हते. कप्तान काहीतरी लपवत होते, पण ते स्वतःसाठी असावे असे मला वाटेना.

मी पुन्हा एकटाच मैदानावर गेलो. मूठभर माती उचलली आणि सहज नाकाशी नेली. तिला अंगाच्या लाल साबणाचा वास येत होता. टँकरच्या पाण्याला साबणाचा वास कुठून येणार?

स्पर्धेच्या तयारीसाठी औसा-निलंग्याकडच्या सोळा मुली शाळेत मुक्कामाला होत्या. शाळेच्या मागे पोत्यांचे आडोसे बांधले होते. आत शहाबादी फरशी, फरशीखालून एक चर, आणि चराच्या टोकाला जमिनीत पुरलेले पिंप. मी तिथे वाकून बघत असतानाच कप्तानांची बायको आली. मुलींची देखरेख तीच करत होती.

 मी तिला सांगितले की उद्या अटक करावी लागेल. तेव्हा तिने पदर सावरला आणि हलक्या आवाजात बोलू लागली. शाळेचा हापसा दिवसाला मोजून पाणी देतो. दोन मुलींत एक बादली. आंघोळीचे ते पाणी वाया जाऊ नये म्हणून मुलींनीच पिंपात साठवायचे ठरवले. कोरड्या मुरमावर पडून गुडघे सोलून निघत होते. कप्तान पहाटे उठून तेच पाणी मैदानावर शिंपडत.

"मग हे सांगायला काय हरकत आहे?" मी विचारले.

तिने माझ्या छातीवरच्या पट्टीवरचे आडनाव वाचले आणि ती थांबली.

"बोला बाई."

"साहेब, निम्म्याहून जास्त पोरी बौद्ध वस्तीवरच्या हायत. संध्याकाळी ह्याच मैदानावर गावातल्या मोठ्या घरची पोरं खेळतात. खेळायच्या आधी माती कपाळाला लावतात. ती कशानं भिजलीय हे कळलं, तर पोरींना गावात राहू देतील का? अन् कोणता बाप आपल्या पोरीच्या न्हाणीची चर्चा चावडीवर होऊ देईल? सगळ्या घरी जातील. हे म्हणाले, मी चोर ठरलो तरी चालंल."

मी त्या वेळी काय बोललो ते धड आठवत नाही. "मी काही ऐकलं नाही," एवढेच म्हटले असावे. 

आता प्रश्न उरला टँकरचा. पाणी मैदानावर नाही तर गेले कुठे? टँकर पंचायत समितीच्या आवारात उभा होता. दोन पंच घेऊन गेलो. कप्तानांच्या मैदानावरचा मुरूम तांबडा. टँकरच्या चाकांना मात्र बोटभर काळी चिकणमाती लागून वाळली होती, आणि मागच्या आसात उसाचे पाचट अडकले होते. त्या उन्हाळ्यात काळ्या रानात चिखल होईल एवढे पाणी तालुक्यात कोणाकडे होते?

ड्रायव्हरला समोर बसवून चहा दिला. पाणी कप्तानांनी घेतले, असे त्याने सांगितले, तेव्हा मैदानाच्या कुंपणाच्या फाटकातून टँकर आत कसा घेतला, एवढेच विचारले. सरळ आत घेतला, म्हणाला. त्या फाटकातून बैलगाडीसुद्धा अंग चोरून जायची. मग मी कागदावर ठेवलेली ती काळी माती त्याच्यापुढे सरकवली. त्याने कपबशी खाली ठेवली.

"लेकरं हायत साहेब मला," तो म्हणाला. "मालक म्हणले, बेण्याचा ऊस जगला पाहिजे. कुणी विचारलं तर कप्तानाचं नाव घे. गाव आपोआप मानंल."

टँकरचे हे मालक कप्तानांविरुद्ध उभ्या असलेल्या उमेदवाराचे सख्खे मेहुणे होते. त्यांच्या उसात गेलो तेव्हा सऱ्या अजून ओल्या होत्या.

रात्र होण्याआधी पंचनामा लिहून काढला. चाकांची माती, पाचट, फाटकाची रुंदी, उसातला ओलावा, सगळे नोंदवले. मैदानाच्या ओलाव्यापाशी माझा हात थांबला. जमादार बाजूला उभा होता. त्यालाही एव्हाना अंदाज आला होता. "मैदानात टँकरच्या चाकांच्या खुणा मिळून आल्या नाहीत," एवढे लिहून मी पुढच्या ओळीवर गेलो. गुन्हा टँकरचा होता, तो शाबीत होत होता. त्यापलीकडचे पाणी तपासाचा भाग नव्हते. तरीही सही करताना मनात धाकधूक होती, कारण कागद अर्धा ठेवायची मला सवय नव्हती.

कप्तानांना सोडले तेव्हा ते दारात थांबले आणि मी पंचनाम्यात काय लिहिले ते त्यांनी विचारले. मी वाचून दाखवला. त्यांनी माझा हात त्या वाकड्या बोटांत धरला आणि निघून गेले.

स्पर्धा झाली. मी बंदोबस्तावर होतो. आमच्या मुली उपांत्य फेरीत हरल्या, पण अशा खेळल्या की वाडीची ती हंडेवाली म्हातारीही शेवटच्या सामन्याला येऊन बसली. निवडणूक मात्र कप्तान हरले. टँकर उसात गेला हे लोकांना कळले होते, तरी मैदान ओले कशाने झाले, हे प्रत्येक सभेत कोणीतरी विचारी, आणि कप्तान उत्तर देत नसत.

या प्रकरणाने मला एक शिकवले. गप्प बसलेल्या माणसाला दोषी समजण्याची घाई करू नये. तो कोणाला तरी पाठीशी घालत असेल, तर ते कोण हे आधी शोधावे. माझ्या नोकरीत मोठे गुन्हे उघडकीस आले, शाबासकीही मिळाली. पण अभिमान कशाचा वाटतो असे कोणी विचारले, तर मी त्या एका न लिहिलेल्या ओळीचे नाव घेईन.

पुढे माझी बदली नांदेडला झाली आणि तिकडचा संबंध तुटला. कप्तान वारल्याचेही मला उशिरा कळले. निवृत्तीनंतर एका दुपारी जमादाराचा फोन आला. आवाज थकला होता, पण घाई तीच. त्या शिबिरातल्या सोळा मुलींपैकी वस्तीवरची एक मुलगी, पुढे क्रीडा शिक्षिका झालेली, कप्तान हरले त्याच गटातून जिल्हा परिषदेवर निवडून आली होती. सत्कार त्याच मैदानावर झाला, आणि सगळे गाव जमले होते.

"साहेब," जमादार म्हणाला, "तिनं माइक हातात घेतला अन् पहिलंच वाक्य बोलली. म्हणाली, हे मैदान आमच्या आंघोळीच्या पाण्यावर उभं हाय, अन् ते कुणाला कळू नये म्हणून आमचे सर चोर ठरायला तयार होते."

मी विचारले, गाव काय म्हणाले?

"काय म्हणंल?  टाळ्या थांबंनात, साहेब."