सूनबाईचं यंत्र आणि माझा पाटा

माझी सून अलकनंदा दगडांवर क्ष-किरण सोडते. हसू नका, नोकरीच तशी आहे! दिल्लीतल्या एका लॅबमध्ये ती डब्याएवढं यंत्र बनवते. मंगळावर उतरणाऱ्या गाडीला ते लावायचं, म्हणजे तिथल्या दगडात काय काय आहे ते तिथल्या तिथे कळतं. भाकरी थापायला सांगा, हात वर करील. पण चार वर्षं त्या यंत्राला तळहाताच्या फोडासारखं जपलंय पोरीनं.

गेल्या थंडीत यंत्राची परीक्षा होती. समितीनं पास केलं तर गाडीवर जागा, नाहीतर दुसऱ्या कुणाचं जाणार. मंगळावरचा दगड बहुतेक आपल्या सह्याद्रीसारखाच काळा, आणि तसा पुण्याहून मागवलेला तुकडा नेमका कुरियरवाल्यानं हरवला. दिल्लीत दुसरा कुठून आणणार? बाईसाहेबांची नजर गेली माझ्या पाट्यावर. साताऱ्याचा पाटा, आईनं लग्नात दिलेला! सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आणताना मी हमालालासुद्धा हात लावू दिला नव्हता.

"नेतेस तर मीही येणार," मी ठणकावलं.

लॅबमध्ये यंत्र पाट्याला टेकवलं. स्क्रीनवर लोखंड आलं, कॅल्शियम आलं, आणि गंधक नि क्लोरीन भरमसाट! समितीचे अध्यक्ष म्हणाले, "ये तो गड़बड़ है।" अलकनंदा मात्र आकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"आई, काल लसणाची चटणी वाटलीत ना? आणि पाटा नुसता पाण्याखाली धरलात?"

अगं बाई! मिठाचं क्लोरीन, लसणाचं गंधक. सगळे खो खो हसले. अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. "अंदर का पत्थर दिखाइए।"

त्यासाठी दगड खरवडायची एक चकती असते. अलकनंदानं ती उचलली आणि परत खाली ठेवली.

"नहीं सर. आईंना त्यांच्या आईनं दिलेला पाटा आहे हा," ती हिंदी-मराठी एक करत म्हणाली.

मुलखाची वेडी! माझ्या एका पाट्यासाठी चार वर्षांच्या कष्टांवर पाणी सोडायला निघाली होती! मी ती चकती उचलून तिच्या हातात कोंबली.

"खरवड गं!" मी ओरडले. "माझी आई असती तर तिनंच खरवडला असता!"

रुपयाएवढी जागा घासली. गंधक गेलं, क्लोरीन गेलं, राहिला अस्सल काळा पत्थर. अध्यक्षांनी सही केली. अलकनंदा तिथेच माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली, आणि मी अख्ख्या समितीसमोर पदरानं तिचं नाक पुसलं.