मायक्रोमीटरवरचं कुंकू

१९९२ सालच्या दसऱ्यानंतर माझ्या मामांनी बनवलेले तीन दट्ट्ये नापास झाले. त्यानंतर तसलं काम त्यांच्याकडे पुन्हा आलं नाही.

पनवेलला एसटी स्टँडच्या मागे मामांचा गाळा होता. त्यात लोखंड कातायचा एक लेथ होता. तळोज्याच्या केमिकल कारखान्यांतले पंपांचे शाफ्ट झिजले की ते मामांकडे येत. त्या वर्षी मुंबईचा एक तरुण इंजिनियर आला. रुग्णाच्या शिरेत ठरावीक वेगाने औषध सोडणारा पंप त्याने आखला होता. नमुन्यासाठी त्याला स्टीलचे तीन दट्ट्ये हवे होते. ते जमले तर पुढचे सगळे भाग मामांनीच करायचे, असं ठरलं. मामांनी तळोज्याची कामं घेणं थांबवलं. वीस वर्षं ॲसिडने खाल्लेलं लोखंड घासलं, म्हणायचे, आता माणसाच्या उपयोगाचं काहीतरी करीन.

खंडेनवमीला मामीने हत्यारं पुजली. मामी जवळच्याच करंजाडे गावची. लेथला हार घालून झाला, तेव्हा मामा म्हणाले, "अगं, त्याला काय बोहल्यावर चढवतेस?"

"चढवीन. तुमच्यापेक्षा तोच जास्त कमावतो," मामी म्हणाली. "बाजूला व्हा, अजून हळद लावायची हाय."

पाटावर नट आवळायचे पाने होते, ड्रिल होते आणि मायक्रोमीटर होता. व्यास मोजायचं हे हत्यार ठेवताना त्याचं तोंड थोडं उघडं ठेवतात. मामीने ओल्या बोटाने प्रत्येक हत्याराला कुंकू लावलं. मायक्रोमीटरला लावलेलं तोंडाच्या आतल्या बाजूला लागलं आणि तिथेच वाळलं.

रोज सकाळी मायक्रोमीटर मिटवून त्याचं शून्य तपासायची मामांची सवय होती. दसऱ्यानंतर कामाला बसले त्या सकाळी त्यांनी ते तपासलं नाही. नवमीला स्वतः तपासूनच पाटावर ठेवला होता, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. पूजेतल्या वस्तूला मधे कोण हात लावणार?

कुंकवाच्या थरामुळे प्रत्येक माप खऱ्यापेक्षा थोडं जास्त दिसलं. त्या एका दिवसात केलेले तिन्ही दट्ट्ये तेवढेच बारीक झाले.

इंजिनियर त्याच संध्याकाळी ते घेऊन गेला आणि पुढच्या आठवड्यात परत आला. मधे दुसरं काम नव्हतं, मायक्रोमीटर डब्यातच होता. मी तेव्हा गाळ्यात होतो. "काका, दट्ट्याच्या कडेने पाणी मागे येतंय," तो म्हणाला.

मामांनी मोजलं. माप बरोबर होतं. इंजिनियरने स्वतःच्या मायक्रोमीटरने मोजलं. माप कमी होतं. मग मामांनी आपल्या मायक्रोमीटरच्या तोंडात कोरा कागद धरला आणि ओढून काढला. कागदावर लाल रेघ आली.

"मी पुन्हा करून देतो," मामा म्हणाले.

"काका, डॉक्टरांना दाखवायची वेळ टळली. आमच्या साहेबांनी काम पुण्याला दिलं."

तो चहा न घेता गेला. मामांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "घरी बोलू नकोस," एवढंच मला म्हणाले.

घरी मामीने काम का गेलं ते विचारलं. मामांनी सांगितलं, त्यांना पुणं सोयीचं पडतं.

"नाय, माझंच चुकलं," मामी म्हणाली. "यंदा घाईत पूजा केली. नैवेद्यही उशिरा दाखवला."

"तसं काही नसतं गं."

"मग आलेलं काम गेलं कसं?"

पुढच्या वर्षापासून मामीने खंडेनवमीचा उपास धरला, पाणीही न पिता. मामांनी दोनदा तो सोडायला सांगितलं. ती म्हणाली, तुमी यात पडू नका. काम गेल्याचं खरं कारण मात्र त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. तळोज्याचे शाफ्ट पुन्हा सुरू झाले होते.

मामा १९९७ च्या उन्हाळ्यात गेले. लेथ विकला. गाळा भाड्याने दिला. तिथे न्हावा शेव्याला जाणाऱ्या ट्रेलरचे टायर ठेवू लागले. त्या वर्षी खंडेनवमीला पूजा झाली नाही. मामीने उपास केला.