कफीलसाठी काडतुसांचं मशीन निवडताना

मी टर्नर. रत्नागिरीहून आखातात आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. राहायला अल मलाझमध्ये, काम शहराबाहेरच्या वर्कशॉपात, दिवसभर लेथवर. वर्कशॉप ज्यांचं, तेच माझे कफील, म्हणजे ज्यांच्या जबाबदारीवर मी इथं राहतो ते. सत्तरीचे आणि नेमबाजीचे भारी शौकीन.

एका सकाळी त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर तीन मशीनं होती.

"काडतुसं आता घरीच भरायची. वापरलेल्या पुंगळ्या परत भरायच्या. तू मशीनवाला माणूस, यातलं एक निवडून दे."

माझ्या तोंडून पहिलं निघालं, "शेख, परवाना?"

"रायफलचा आहे. याचं विचारतोय. कागद हातात आल्याशिवाय मागवणार नाही. तू मशीन बघ."

पहिलं अगदी साधं होतं. जाड लोखंडी चौकट, एक दांडा, एका वेळी एक पुंगळी आणि तिच्यावर एकच काम. दुसऱ्याचं डोकं हाताने फिरवायचं. तिसऱ्यात पुंगळ्यांची थाळी आपोआप फिरायची आणि दर ओढीला एक तयार काडतूस खाली पडायचं. कुठल्याही कारागिराचा जीव तिसऱ्यावरच जडेल. त्यांचाही जडला होता.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याचे व्हिडिओ बघायला लागलो आणि मला स्वस्थ बसवेना. तिसऱ्यात सगळी कामं एकाच वेळी चालतात. मध्येच लक्ष उडालं, हात थांबला, पुन्हा सुरू झाला, की एखाद्या पुंगळीत दारू दोनदा पडू शकते. मग रायफल तोंडाजवळच फुटते.

आणि कफील विसरत होते. एकच बेअरिंग त्यांनी मला एका दिवसात दोनदा आणायला पाठवलं होतं. ड्रिल चालू ठेवून नमाजला निघून गेले होते. वर्कशॉपात सगळ्यांना दिसत होतं. बोलत कोणीच नव्हतं.

घरी बायको मुलीचा शाळेचा गणवेश इस्त्री करत होती. मी येरझाऱ्या घालत तिला सगळं सांगितलं.

"पहिलं मशीन सुचवा. कारण सांगू नका," ती म्हणाली. "इथं राहायचा इकामा त्यांच्या हातात आहे, विसरू नका."

मुलीने वहीतून डोकं न काढता इंग्रजीत विचारलं, अब्बा गोळ्या बनवणार का?

"शाळेत हे बोललीस तर बघ!" बायको एकदम ओरडली.

दुसऱ्या दिवशी मी कफीलना पहिलं मशीन दाखवलं.

"हे का?"

"मजबूत आहे."

"तिसरंही मजबूत आहे. आणि तू हात का पुसतोयस? स्वच्छ आहेत की."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग बोलून टाकलं. "शेख, तुम्ही हल्ली विसरता. त्या मशीनवर विसरून चालत नाही."

"कोण म्हणतं?"

"कोणी नाही. मी बघितलंय."

"यल्ला, कामाला लाग."

पुढचे आठ दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्याच महिन्यात माझा इकामा नवा व्हायचा होता. मी मोबाइलवर दिवसातून चारदा बघायचो. काही नाही. बायकोने विचारणंही सोडून दिलं. लेथवरचे दोन नग माझ्या हातून बाद झाले, असं कधी होत नाही.

नवव्या दिवशी ते आले, माझ्या लेथशेजारी स्टूल ओढून बसले आणि मी मशीन बंद करेपर्यंत थांबले.

"जेद्दाला मुलाकडे गेलो होतो. त्याने डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरने तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. मला एकच आठवला."

"कुठला?"

"खजूर." ते हसले, मग हसू विरलं. "सुरुवात आहे म्हणाला. रायफल क्लबात जमा केली. मशीनचा विषयही खलास."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. एका माणसाचा शौक माझ्या एका वाक्याने गेला होता.

"खरं सांग," ते म्हणाले, "तिन्हीत चांगलं कुठलं होतं?"

"तिसरं."

"मला माहीत होतं," ते म्हणाले आणि गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "इकाम्याचे कागद आज सकाळी पाठवलेत. आता मला घरी सोड."

वाट माझ्या पायाखालची होती. तरी प्रत्येक सिग्नलला ते मला डावीकडे, उजवीकडे सांगत राहिले. एकदाही चुकले नाहीत.