बेबीआत्याच्या नावाची नळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत कधी बसला नसाल. बसला असाल तरी — असू द्या.

मी दातांची डॉक्टर. अकोल्यात माझा लहानसा दवाखाना आहे. दिवसभर लोकांना म्हणते, घाबरू नका, खरं सांगा, दिवसाला तंबाखूचा खर्रा किती होतो, ब्रश करताना रक्त येतं का. लोक बिनधास्त खोटं बोलतात आणि मी त्यांना हसते. मी कोण लागून गेले हसणारी?

पण आधी संत्र्याचं सांगू द्या. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बेबीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिला शेंदूरजनाघाटला दिलेली, घरची संत्र्याची बाग. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिथे असायचो. आत्या झाडाखाली बसून एखादं पिकलं संत्रं हातात फिरवायची, देठाजवळ समोरच्या दातांनी साल टचकन उचलायची, आणि मग अख्खी साल एका तुकड्यात काढून फळ माझ्या हातात. नखांवर तिचा विश्वास नव्हता. संत्र्याच्या डोक्यावर तिच्या तोंडाचा ओलावा असायचा. ते उष्टं आहे, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आणि हसायची कशी! दोन्ही रांगा उघड्या टाकून, मान मागे करून. शेजारच्या बागेतून कुणीतरी विचारायचं, ‘बेबीबाई, काय झालं वं?’

मला ते संत्रं हवं आहे. आजही. बाजारातलं नाही, ते.

तर — मी अमरावतीला शिकत होते, इंटर्नशिप चालू होती. आमच्या एक मॅडम लाळेवर काम करत होत्या. हिरड्या आतून सडायला लागल्या की लाळेत एक एंझाइम वाढतं. दात हलायच्या कितीतरी आधी लाळ चुगली करते. मॅडमची पद्धत साधी होती. गावोगावच्या लोकांची लाळ नळीत घ्यायची, ज्यांचा आकडा जास्त येईल त्यांना कॉलेजात बोलवून हिरड्या नीट तपासायच्या, फुकट उपचार करायचे. अट एकच. लाळ झोपेतून उठल्या उठल्या घ्यायची. पाणी नाही, चहा नाही, चूळसुद्धा नाही. चूळ भरली की तो नमुना बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आमच्याकडच्या बायांना हे सांगून पाहा एकदा.

शेंदूरजन्याचे नमुने माझ्याकडे होते. मी आत्याकडेच उतरले होते. आत्याचं नाव यादीत मीच घातलं, कारण आदल्या संध्याकाळी मंजन लावताना तिने मला बोट दाखवलं होतं. ‘पाय बरं, बोटाले लाल लागते आजकाल. दात पडतीन काय वं माये?’

मी म्हटलं, उद्या कळेल. फक्त उठल्यावर चूळ भरू नकोस.

‘पारोश्या तोंडानं बसू? देवाचं नाव बी नाई घ्याचं?’

मनातल्या मनात घे म्हटलं. ती हसली. दोन्ही रांगा.

सकाळी मी गावातल्या बाकीच्या नळ्या गोळा करून घरी आले तर आत्या अंगणातल्या हौदापाशी उभी, हातात तांब्या, पदराने तोंड पुसत. मला पाहिलं आणि हात तोंडावर गेला. ‘अवं माय! भरली वं मी चूळ! हात आपोआपच गेला. चहा बी घेतला.’

पन्नास वर्षांची सवय. तिचा काय दोष?

मी थांबायला हवं होतं. एक दिवस, फक्त एक. पण त्या दुपारी मला अमरावतीत एकाला भेटायचं होतं. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, ती गोष्ट पुढे महिनाभरही चालली नाही. मी आत्याला म्हटलं, चालतं गं, काही बिघडत नाही. तिच्याकडून नळीत लाळ घेतली, बर्फाचा डबा उचलला आणि एसटी स्टँडवर आले. तिथल्या संडासात ती नळी ओतून टाकली, चुळेचं पाणी आकड्यात दिसेल म्हणून. मी मात्र सकाळपासून काही खाल्लंप्यालं नव्हतं, गडबडीत चूळही राहिली होती. म्हणून — मी त्या नळीत थुंकले.

नळीवर नाव आत्याचं. लाळ माझी. तेविसाव्या वर्षाची, निरोगी.

हेच ते. एवढंच. लिहून पाहिलं तर किती लहान दिसतं, नाही?

रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. गावातल्या इतर बायांना कॉलेजात बोलावणं गेलं, आत्याला नाही. तो कागद मीच तिला नेऊन दिला. तिने वरूडला जाऊन त्याचं लॅमिनेशन केलं आणि भिंतीतल्या देवळीत, गणपतीच्या फोटोमागे ठेवला.

तेव्हा सांगता आलं असतं. तुम्ही हाच विचार करताय ना? मीही करते. पण सांगितलं असतं तर मॅडमच्या कानावर गेलं असतं, माझं सर्टिफिकेट अडलं असतं. तेवढं मिळू दे, मग सांगू. मग लग्न. मग दवाखाना. फोनवर आत्या पाऊसपाण्याचं बोलायची, मी हो हो करायची. मध्ये वरूडच्या एका डॉक्टरने तिला हिरड्या साफ करून घ्यायला सांगितलं, तर तिने त्यालाच ऐकवलं, ‘माह्या भाचीनं तपासलं मले, मोठ्या कॉलेजात. कागद हाय माह्यापाशी.’ हे तिनेच मला कौतुकाने सांगितलं. मी तेव्हाही गप्प बसले. नळीत थुंकले तेव्हा मी घाईत होते. या वेळी मला कसलीच घाई नव्हती.

मागच्या वर्षी ती माझ्या दवाखान्यात आली. खुर्चीत बसली, पदर नीट केला, तोंड उघडलं. मला आरसा लावायचीही गरज पडली नाही. समोरचे दात बोटाने हलत होते. तेच, संत्र्याचे. मी एकेक करून काढले. उलट तीच मला धीर द्यायला लागली. ‘तुहं काय चुकलं त्यात? तू पायले तवा तं चांगलेच होते.’

कवळी मीच बसवली. चांगली बसली आहे, ओळखू येत नाही. पण आता ती हसताना तोंडावर हात ठेवते.

परवा ती पुन्हा आली होती. कवळी एका बाजूला टोचत होती, ती जरा घासून द्यायची होती. मृग बहाराची संत्री आणली होती पिशवीभर. काम झाल्यावर तिथेच बाकावर बसली, पिशवीतून एक संत्रं काढलं आणि रुमालात गुंडाळलेली सुरी काढली. देठाजवळ चीर दिली. साल तुकड्या-तुकड्यांनी निघाली, ती तिने ओटीत गोळा केली.

‘धर,’ म्हणाली. ‘पयल्यावानी नाई सोलता येत आता.’

मी घेतलं. तोंडाशी आलेलं बोलायचं होतं, त्याऐवजी फोड तोंडात घातली. कोरडं होतं ते संत्रं, वरून. आत गोड होतं.

मी ते सगळं खाल्लं.