दोनशे अकरा वर्षांची टीम

रिटायर झाल्यापासून माझा सकाळचा चहा बाहेरच होतो. चहा अर्धा झाला की कोणीतरी म्हणतंच, "दिलीपभाऊ, तो बास्केटबॉलचा किस्सा सांगा ना!"

आता कोणता? एक असता तर कधीच सांगून मोकळा झालो असतो. जैनथच्या जिनिंगसमोर सीझनमध्ये कापसाच्या गाड्या लागतात ना, तसं आहे हे. एक गाडी आत घेतली की मागे दहा उभ्याच!

तर तेलंगणा व्हायच्या आधीची, आंध्राच्या काळातली गोष्ट. मी जैनथच्या मंडल ऑफिसात ज्युनियर असिस्टंट होतो, राहायला आदिलाबादला. आमची बास्केटबॉलची टीम होती. कॅप्टन देवराव सर, मूळचे बाजारहत्नूरचे, हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. सहा फूट उंच, पण गुडघे गेलेले. वामनभाऊ वीज खात्यात क्लार्क, पोट सुटलेलं. कय्यूमभाई बस ड्रायव्हर. मल्लेश तेलुगू शाळेत मास्तर. आणि मी. झाले पाच. राखीव खेळाडू कोणीच नाही, कारण राखीव म्हणून बसायला कोणी तयार नव्हतं!

त्याच्या वीस वर्षं आधी शाळेमागचं कोर्ट आम्ही पाचांनी स्वतः सिमेंट कालवून केलं होतं. जिल्हा स्पर्धा दोनदा जिंकलो होतो. पण ते जुनं झालं होतं. आता सगळं गाव एकच विचारायचं, "अजून होते काय यायच्यानं?"

मला मात्र एक मिनिटही शंका नव्हती.

*

त्या वर्षी एन्ट्रीची दरखास्त द्यायला आम्ही स्पर्धेच्या सेक्रेटरी साहेबांकडे गेलो. फॉर्मवर नावापुढे वय लिहायचं होतं. साहेब तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायचे. त्यांनी कॅल्क्युलेटर काढलं आणि पाची जणांच्या वयाची बेरीजच केली.

"दो सौ ग्यारह! देवराव सार, ये टीम है या म्युझियम?" बाजूच्या क्लार्ककडे वळून ते म्हणाले, "मुसलोळ्ळ टीम!" म्हणजे म्हाताऱ्यांची टीम. तेव्हापासून अख्ख्या गावात आमचं तेच नाव पडलं.

देवराव सरांनी कागद परत घेऊन बेरीज तपासली. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, बेरीज बरोबर आहे. आता पाचनं भागा. एकटा दोनशे अकराचा यात कोणीच नाही!"

साहेब हसले, पण अट घातलीच. टीम सहा, गट दोन. प्रत्येक गटातल्या वरच्या दोन टीम नॉकआऊटमध्ये जाणार. "इस बार नॉकआऊट में नहीं आए, तो अगले साल एन्ट्री नहीं. नए लड़के लाइन में खड़े हैं."

"मंजूर!" सर म्हणाले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, आमाले विचारलं तरी असतं."

"काऊन? तुमी नाही म्हणणार होते काय?"

*

प्रॅक्टिस सुरू झाली आणि तिसऱ्याच दिवशी सरांचा गुडघा सुजला. वहिनींनी त्यांना जबरदस्तीनं डॉक्टरकडे पाठवलं. मी सोबत गेलो. डॉक्टर नवीन होते, गावात येऊन महिनाच झाला होता. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, कटकट आवाज ऐकला आणि यादीच सांगितली. मांडी घालून बसायचं नाही. पायऱ्या चढायच्या नाहीत. सायकल नाही. जड उचलायचं नाही.

सर मान हलवत राहिले. बाहेर आले ते एकदम खुशीत!

"सर, इतकं सारं बंद केलं त्यानं, अन् तुमी हासून राह्यले?"

"दिलीप, तू ऐकलं नाही काय? बास्केटबॉलचं नावच नाही घेतलं त्यानं!"

पंचेचाळीसचा माणूस बास्केटबॉल खेळत असेल, हे त्या बिचाऱ्या डॉक्टरच्या डोक्यातच आलं नसणार.

*

आमच्या घरी दोरीवर क्रेप बँडेज वाळत असायचे. पाची जणांचे. कारण प्रॅक्टिसनंतर सगळे आमच्याच ओसरीवर पट्ट्या सोडायचे, आणि धुवायचं काम आमच्या मंडळींकडे. एकदा शेजारी नवीन भाडेकरू आल्या. त्यांनी इतक्या पट्ट्या बघितल्या आणि घाबरून विचारलं, "काय झालं हो? ॲक्सिडेंट झाला काय घरात?"

आमची मंडळी म्हणाली, "नाही बाई. टीम हाय!"

*

स्पर्धेआधी अंदाज घ्यावा म्हणून मल्लेशनं एक प्रॅक्टिस मॅच ठरवली. कोणाशी? तर नेरडीगोंड्याच्या मुलींच्या हायस्कूलशी! त्याची बहीण तिथं शिकवायची. वामनभाऊ म्हणाले, "लेकरायशी खेळाचं? आपण जरा हळूच खेळू. रडतील."

अर्ध्या वेळेला स्कोअर होता, मुली चोवीस, आम्ही आठ.

रडायची वेळ आमच्यावर आली! मुली वाऱ्यासारख्या जायच्या, आणि आम्ही त्यांच्यामागे हायवेवरच्या लोडेड ट्रकसारखे. कय्यूमभाई तर कोर्टाबाहेर जाऊन झाडाला टेकले. "मियाँ, ब्रेक फेल होना सुना था. यहाँ तो इंजनच बैठ गया!"

तेवढ्यात मुलींची कॅप्टन आली. पंधरा वर्षांची असेल, दोन वेण्या. पाणी दिलं आणि सरांना तेलुगूत म्हणाली, "अंकल, तुम्ही कशाला धावता? बॉलला धावू द्या ना."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी त्या पोरीकडं नीट पाहिलं आणि आम्हाला जवळ बोलावलं. "ऐकलं काय? ड्रिबल बंद. बॉल हातात आला की दोन मोजाच्या आत दुसऱ्याले द्याचा. पायाले काम कमी, डोळ्याले जास्त."

दुसऱ्या अर्ध्यात आम्ही बावीस केले, मुलींनी चौदा. मॅच हरलोच. पण परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसून वहीच्या पानावर बाण काढत होते. आदिलाबाद आलं तरी उठले नाहीत. कंडक्टर म्हणाला, "सर, गाडी डेपोत जाऊन राह्यली. तुमाले बी जमा करू काय?"

*

स्पर्धेच्या आठवडाभर आधी रेफरी कोर्टावर आले आणि चुन्यानं एक मोठी अर्धगोल रेघ मारायला लागले. वामनभाऊंनी विचारलं, "हे काय करून राह्यले?"

"नवा नियम आहे. या रेघेच्या बाहेरून बास्केट केली की दोन नाही, तीन पॉइंट."

आता वामनभाऊंचं सांगतो. हा माणूस वीस वर्षांपासून लांबूनच बॉल टाकायचा. दोन्ही हातांनी, छातीपासून, जुन्या पद्धतीनं. आत पळत जायचा कंटाळा, दुसरं काही नाही! यावरून सरांनी त्यांना वीस वर्षं शिव्या घातल्या होत्या. "वामन, आत ये! वामन, आळस सोड!"

वामनभाऊ रेघेबाहेर जाऊन उभे राहिले. त्यांची नेहमीचीच जागा. रेघ त्यांच्या चपलेपासून वीतभर आत होती. त्यांनी एकदा रेघेकडं पाहिलं, एकदा सरांकडं.

"सर, वीस वर्सं मी आळशी नव्हतो. नियम यायची वाट पाहून राह्यलो होतो!"

सरांनी वही उघडली. दुसऱ्या दिवसापासून वहीतले सगळे बाण वामनभाऊंकडे जायला लागले.

*

पहिली लीग मॅच मंचेरियलच्या खाणीवाल्यांशी. एकेक गडी असा की दोन्ही हातांनी दार उपटेल. आम्ही एकवीस पॉइंटनी हरलो. मी एकदा त्यांच्यातल्या एकाला धडकलो आणि मलाच सॉरी म्हणावंसं वाटलं.

लोक उठून जायला लागले. पानठेल्यावर निकाल लागूनही गेला, "मुसलोळ्ळ टीम गेली!" सेक्रेटरी साहेब टेबलावरूनच सरांना म्हणाले, "सार, आराम करो अब."

सर पट्टी सोडत होते. "साहेब, एक मॅच बाकी आहे. एकच पाह्यजे." खरंच, गटातून दोन टीम वर जाणार होत्या, आणि खाणीवाल्यांनी तिसऱ्या टीमलाही हरवलं होतं. दुसरी मॅच जिंकली की झालं.

खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की लोक म्हणतात ते बरोबर असेल. सायकल हातात धरून मी सरांसोबत चालत होतो. म्हटलं, "सर, नाही झालं तं?"

"तं नाही झालं. पण खेळाच्या आधीच काऊन हराचं?" आणि पुढं म्हणाले, "आमच्या बापानं दुसऱ्याच्या वावरात काम केलं, अन् मले मॅट्रिक केलं. तेव्हा बी गावात सारे म्हणत, याच्यानं होणार नाही. दिलीप, लोकायच्या अंदाजावर चाललो असतो तं आज मी तुले गणित शिकवणारा भेटलो नसतो."

"मले कुठं शिकवलं तुमी?"

"म्हणूनच तं तुये पासचे अँगल चुकतात!"

*

दुसरी मॅच कॉलेजच्या मुलांशी. आमचं पासिंग जमलं. वामनभाऊंनी बाहेरून चार टाकले, बारा पॉइंट! शेवटचं मिनिट आलं, आम्ही एकानं पुढं. तेवढ्यात सर आणि त्यांचा सेंटर दोघांनीही बॉल पकडला, कोणी सोडेना. रेफरीनं शिट्टी मारली. जंप बॉल!

म्हणजे दोघं समोरासमोर उभे, रेफरी बॉल वर उडवणार, जो उंच जाईल तो बॉल आपल्या माणसाकडं ढकलणार. तो पोरगा एकवीस वर्षांचा, स्प्रिंगसारखा. आणि सर? त्यांना तर पायरी चढायची मनाई!

पण पोरगा सरांचा विद्यार्थी होता. सातवीपासून दहावीपर्यंत.

रेफरीनं बॉल उडवला आणि सर वर्गातल्या आवाजात ओरडले, "सतरा सक?"

"एकशे दोन, सर!"

पोरगा जमिनीला चिकटून, हात मागे बांधून उभा! सरांनी टाचा उचलल्या, बॉलला बोट लावलं, बॉल माझ्या हातात. वेळ संपली.

कॉलेजवाल्यांनी तक्रार केली. रेफरीनं नियमाचं पुस्तक काढलं, पुढून मागून चाळलं आणि म्हणाले, "यात पाढ्यांबद्दल काही दिलेलं नाही."

पोरगा सरांच्या पाया पडायला आला. सर म्हणाले, "उत्तर बरोबर होतं. शाब्बास!"

आम्ही नॉकआऊटमध्ये होतो.

*

फायनलचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुन्हा खाणीवालेच होते, पुन्हा हरलो. पुढच्या वर्षीची एन्ट्री मात्र सेक्रेटरी साहेबांनी स्वतः फॉर्म आणून भरून घेतली, आणि वयाचा रकाना कोराच ठेवला.

पण सेमीफायनल! ती निर्मलच्या टीमशी झाली. गेल्या वर्षीचे चॅम्पियन, सगळे पंचविशीच्या आतले. उन्हं कलली होती. कोर्टाभोवती इतकी गर्दी की शाळेच्या भिंतीवर माणसं बसलेली. आमच्या घरचे एका बाजूला, निर्मलहून आलेले दुसऱ्या बाजूला.

कय्यूमभाई पाच फाऊल होऊन बाहेर गेले. मग मल्लेशही पाच फाऊल होऊन बाहेर. राखीव नाही, म्हणून शेवटची चार मिनिटं आम्ही तिघंच खेळलो. सर, वामनभाऊ आणि मी, समोर पाच! सर रिंगखाली उभे राहिले ते हललेच नाहीत. पोरं येऊन त्यांना आदळायची आणि परत जायची.

स्कोअर बरोबरीत. शेवटच्या क्षणी वामनभाऊ बॉल घेऊन वळले आणि निर्मलच्या एकानं त्यांचा हात ओढला. शिट्टी. वेळ संपली होती, पण फाऊल आधी झाला होता. रेफरीनं बाकी सगळ्यांना मागे पाठवलं. रिकाम्या कोर्टात वामनभाऊ एकटे, आणि दोन फ्री थ्रो. एक जरी पडला तरी आम्ही फायनलला.

पहिला टाकला. बॉल रिंगला लागलाही नाही, बोर्डालाही नाही! निर्मलवाले नाचायला लागले.

वामनभाऊंनी मला खुणेनं बोलावलं. रेफरीला विचारून मी पळत गेलो. घामानं थबथबलेले, पण आवाज एकदम थंड.

"कोणीकडून गेला रे?"

मला वाटलं, माणूस गंमत करून राह्यला, टेन्शन घालवायला. मीही तसंच सांगितलं, "उजवीकडून. हातभर."

"अन् उंची?"

"उंची बरोबर."

"ठीक हाय. जाय."

मी मागे आलो. वामनभाऊंनी पाय जरासे डावीकडं वळवले, दोन्ही हातांनी बॉल छातीशी धरला, एक श्वास घेतला आणि टाकला. बॉल रिंगला न शिवता सरळ जाळीतून खाली!

काय आवाज झाला! दोन्हीकडचे एकदमच ओरडले. मल्लेश आणि कय्यूमभाई धावत आत आले. देवराव सर, गुडघेवाले देवराव सर, उड्या मारत होते! मी जाऊन वामनभाऊंना मिठी मारली. ते मात्र तसेच उभे, हात वरच, रिंगकडं पाहत. माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला जवळ ओढलं.

"दिलीप, ओरडून राह्यले ते आपले का त्यायचे? पडला काय?"

"म्हणजे? तुमी पाह्यलं नाही?"

"पाह्यतो कायनं? दोन वर्सं झाले, मले इथून रिंग दिसतेच कुठं!"